विमानतळ पुण्याचा, वाट कोणाची?

लोहगाव विमानतळाची नवी टर्मिनल इमारत १४ जुलै २०२४ रोजी उतारूंसाठी खुली झाली. तिचे उद्‌घाटन त्याच वर्षी १० मार्चला पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले होते. मधले चार महिने ही इमारत उभी असूनही बंद होती आणि शेजारच्या जुन्या टर्मिनलमध्ये उतारू रांगांत ताटकळत होते. सुमारे ५२ हजार चौरस मीटरची ही वास्तू, तिचे पाच एरोब्रिज आणि वर्षाकाठी ९० लाख उतारूंना सामावून घेण्याची तिची क्षमता पाहता पुणे शहराची एक जुनी मागणी पुरी झाली, यात शंका नाही. तथापि टर्मिनल मोठे झाले की विमानतळ मोठा झाला, हा समज बरोबर नाही. आणि विमानतळ मोठा झाला की तो जिल्ह्यातील सर्वांच्या उपयोगी पडला, हा समज तर त्याहूनही चुकीचा आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड ही दोन तालुक्यांची गावे आहेत. विमानतळाविषयीच्या चर्चेत त्यांची नावे क्वचितच निघतात. वास्तविक आज विमानाने जाणारा माणूस केवळ शहरातील धनिक राहिलेला नाही. परदेशी शिकावयास निघालेला शिक्षकाचा मुलगा, आखातात नोकरीस असलेला तंत्रज्ञ, सुट्टीवर येणारा जवान, रांजणगावच्या कारखान्यातून दुसऱ्या राज्यातील शाखेत पाठविलेला अभियंता हे सारे या दोन तालुक्यांतूनही निघतात. त्यांच्या दृष्टीने विमानतळाचे मोजमाप इमारतीच्या चौरस मीटरांत होत नाही. घरातून निघून विमानात बसेपर्यंत किती वेळ लागतो, किती वेळा वाहन बदलावे लागते आणि मध्ये एखादा दुवा निखळला तर भुर्दंड कोणावर पडतो, हे त्यांचे मोजमाप आहे. त्या मापाने पाहिले तर पुण्याच्या विमानतळाचा प्रश्न निराळाच दिसू लागतो.

लोहगावची मर्यादा

लोहगावची धावपट्टी मुळात नागरी वाहतुकीसाठी बांधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, मुंबईच्या संरक्षणासाठी ब्रिटिशांनी येथे हवाई दलाचा तळ उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि आजही धावपट्टी व हवाई वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडेच आहे. नागरी विमानतळ म्हणजे त्या तळाच्या कडेला दिलेली जागा होय. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु यामुळे नागरी उड्डाणांना मिळणारा वेळ आणि विस्ताराला मिळणारी जमीन ही दोन्ही मोजकीच राहतात.

दुसरी मर्यादा धावपट्टीच्या लांबीची. ती अडीच किलोमीटरपेक्षा किंचितच अधिक आहे. दूर पल्ल्याची अवजड विमाने पूर्ण इंधन व पूर्ण भार घेऊन उडावयाची तर साधारणतः तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब धावपट्टी लागते. पुण्याची हवा उन्हाळ्यात तापते, शिवाय शहर समुद्रसपाटीपासून उंच आहे. तापलेली व विरळ हवा विमानाला कमी उचलते, म्हणून येथे लागणारी लांबी आणखी वाढते. २००८ मध्ये लुफ्तान्सा कंपनीने पुणे ते फ्रँकफर्ट अशी थेट सेवा सुरू केली, तेव्हा तिने मोठे विमान आणलेच नाही. केवळ बिझनेस वर्गाची आसने असलेले छोटे बोइंग ७३७ आणले. जर्मन कारखान्यांच्या अधिकाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, पण सामान्य विद्यार्थ्याला त्या विमानाचा उपयोग नव्हता. आणि पुढे ती सेवाही बंद पडली. धावपट्टी लांबविण्याची योजना आहे. परंतु ती प्रत्यक्षात येईपर्यंत लोहगावहून युरोप वा अमेरिकेस थेट जाण्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

एकाच धावपट्टीवर सारा भार असला म्हणजे काय होते, हेही पुण्याने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर धावपट्टीच्या कामासाठी रात्रीची उड्डाणे बंद राहिली आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या चौदा दिवसांत तर विमानतळ पूर्णपणे बंद होता. त्या काळात पुण्याच्या उतारूला मुंबईचा रस्ता धरावा लागला. शिरूर-दौंडच्या उतारूला तो रस्ता नवा नव्हता. परदेशी जावयाचे तर त्याने आधीपासून तोच धरलेला होता.

तिकीट एक की दोन?

२०२४-२५ या आर्थिक वर्षात लोहगावहून ये-जा करणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. यांतील बहुतेक प्रवास देशांतर्गत आहे. दुबई, सिंगापूर, बँकॉक अशा मोजक्याच परदेशी शहरांशी पुणे जोडले गेले आणि त्या सेवांतही स्थैर्य नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील भीषण अपघातानंतर एअर इंडियाने आपली उड्डाणे कमी केली, त्यात पुणे-सिंगापूर सेवाही काही काळ थांबली. कंपनीच्या दृष्टीने ती एक लहान रेषा होती. पुण्याच्या दृष्टीने हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या परदेशी जोडण्यांपैकी ती एक होती.

म्हणून पुणे जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्यास बहुधा मुंबई वा दिल्ली येथे विमान बदलावे लागते. येथे ‘जोडउड्डाण’ या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले, तर पहिले विमान उशिरा पोचल्यास पुढच्या विमानाची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदविता येते. स्वस्त पडतात म्हणून दोन निराळ्या कंपन्यांची दोन तिकिटे घेतली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी पहिल्या विमानाचा उशीर हा उतारूचा स्वतःचा उशीर ठरतो. तिकीट बुडते आणि नवे तिकीट त्या दिवसाच्या चढ्या दराने घ्यावे लागते. ज्या कुटुंबाने कर्ज काढून मुलाला परदेशी धाडले आहे, त्याला हा फरक विमानतळावर समजणे फार महागात पडते. रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित तिकिटे परस्परांशी जोडण्याची सोय केली. पहिल्या गाडीच्या विलंबामुळे दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. विमान कंपन्यांच्या निरनिराळ्या तिकिटांना असे संरक्षण नाही.

कंपन्यांची संख्या घटत गेल्याने ही अडचण अधिक तीव्र झाली आहे. १९५३ च्या कायद्याने हवाई वाहतूक सरकारी महामंडळांकडे गेली होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. स्पर्धेमुळे तिकिटे स्वस्त झाली, मध्यमवर्ग विमानात बसू लागला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आता देशांतर्गत वाहतुकीचा फार मोठा वाटा इंडिगो आणि टाटा समूहाच्या कंपन्या मिळून उचलतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांशी इंडिगोला वेळापत्रकाचा मेळ घालता आला नाही. एका दिवसात देशभर हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुण्यातही टर्मिनल उतारूंनी आणि बेवारशासारख्या पडलेल्या बॅगांनी भरून गेले. इमारत नवी होती, जागा पुरेशी होती, पण तिच्यातून निघणारे विमान नव्हते.

दौंडचा अनुभव

जोडणी म्हणजे काय, हे दौंडला निराळे सांगावयास नको. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून भीमेकाठच्या दिकसाळपर्यंत पोचला आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर या गावाचे जंक्शन झाले. सोलापूर-दक्षिणेकडून येणारा, मनमाडकडून येणारा आणि पुण्या-मुंबईकडे जाणारा उतारू एकाच फलाटावर भेटू लागला. गावाचा बाजार, वस्ती आणि रोजगार त्या भेटीवर वाढले. जंक्शनचे मर्म स्थानकाच्या इमारतीत नसून वेळापत्रकात असते. एक गाडी आल्यावर दुसरी सुटते, म्हणून तेथे माणसे उतरतात.

याच दौंडने जोडणीची दुसरी बाजूही अनुभवली आहे. मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाड्यांना दौंडमध्ये इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकास लावावे लागे. तो वेळ वाचविण्यासाठी गावाबाहेरून मार्ग जोडण्यात आला आणि तेथे ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचे स्थानक झाले. लांबच्या उतारूचा वेळ वाचला. दौंडच्या उतारूला मात्र त्या गाड्यांसाठी मुख्य स्थानक सोडून दूरच्या स्थानकाकडे धाव घ्यावी लागली. रेल्वेचा हिशेब चूक नव्हता. पण वेगाचा हिशेब करताना मधल्या गावाचा हिशेब कोणी तरी स्वतंत्रपणे मांडावा लागतो, तो आपोआप मांडला जात नाही, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

शिरूरची कथा याहून वेगळी आहे. शिरूर गावात रेल्वे नाही. सारा भार पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. या रस्त्यालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत असून एलजी, व्हर्लपूल, फियाट यांसारख्या कंपन्यांचे कारखाने तेथे आहेत. इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचा विशेष समूह तेथे उभारण्यास केंद्र सरकारने २०२२ मध्ये मान्यता दिली. अंतराने पाहिले तर लोहगाव शिरूरला जवळचे, कारण विमानतळ शहराच्या याच अंगाला आहे. तरीही शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली या टप्प्यांवरील कोंडीमुळे शिरूरकर उतारू उड्डाणाच्या चार-पाच तास आधी घर सोडतो. देशांतर्गत विमानाची नोंदणी खिडकी साधारणतः तासभर आधी बंद होते. कोंडीतील पंधरा मिनिटे तेथे विचारात घेतली जात नाहीत. रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये आली आणि तिचा वाघोलीच्या दिशेने होणारा विस्तार केंद्राने जून २०२५ मध्ये मंजूर केला. तो पुरा झाल्यावर शिरूरच्या एस. टी.ने येणाऱ्यास शहराच्या कडेलाच मेट्रो मिळेल. पण रामवाडी स्थानक आणि टर्मिनल यांच्यामधील शेवटचे काही किलोमीटर तेव्हाही रिक्षा वा बसच्याच भरवशावर राहतील.

पुरंदर: जवळ कोणाला, दूर कोणाला?

लोहगावच्या मर्यादांवर उत्तर म्हणून नव्या विमानतळाचा शोध गेली दोन-अडीच दशके चालू आहे. चाकणचा विचार झाला, खेड तालुक्यातील जागांचा विचार झाला. डोंगराळ भूभागामुळे त्या मागे पडल्या. २०१६ मध्ये पुरंदर तालुक्यातील जागा जाहीर झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावे. मध्यंतरी जागा बदलण्याचा प्रस्ताव पुढे आला, संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये तो नाकारला आणि गाडी पुन्हा मूळ जागेवर आली. मे २०२५ मध्ये ड्रोनद्वारे मोजणी सुरू झाली, तेव्हा शेतकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्यानंतर संपादनाचे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले आणि बहुसंख्य खातेदारांनी संमती दिल्याचे प्रशासनाने जाहीर केले.

ही जमीन पडीक नाही. अंजीर, सीताफळ आणि वाटाणा यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये, म्हणजे विमानतळाची घोषणा झाली त्याच वर्षी, भौगोलिक मानांकन मिळाले. अशा जमिनीवर विमानतळ उभारावयाचा असेल, तर त्याचा लाभ किती दूरवर आणि किती जणांपर्यंत पोचणार, हे विचारण्याचा अधिकार सर्वांनाच आहे. सात गावांनी रान द्यावे आणि त्यावरून केवळ शहरातील मोटारवाल्यांनी उडावे, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

नकाशा पुढे ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. पुरंदरचा विमानतळ झाला तर दौंड तालुका त्याच्या जवळ येतो आणि शिरूर दूर जातो. दौंडकडून यवतपर्यंत यावे, भुलेश्वरचा घाट चढून माळशिरसवर उतरावे, की तो परिसर लागतो. उरुळी कांचनहून शिंदवणे घाटानेही वाट आहे. शिरूरच्या उतारूला मात्र न्हावरे, चौफुला करीत भीमा ओलांडून खाली यावे लागेल किंवा पुण्याच्या गर्दीला वळसा घालणाऱ्या नियोजित वर्तुळाकार मार्गाची वाट पाहावी लागेल. म्हणून पुरंदर झाल्यावर लोहगावची नागरी उड्डाणे चालू राहणार की नाहीत, हा शिरूरच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे.

याबाबत देशात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. २००८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूर येथे नवे विमानतळ सुरू झाले आणि बेगमपेठ व एच.ए.एल. या जुन्या विमानतळांवरील नियमित प्रवासी वाहतूक बंद करण्यात आली. गोव्यात निराळे घडले. दाबोळी हा नौदलाचा तळ. जानेवारी २०२३ पासून पेडण्यातील मोपा येथून उड्डाणे सुरू झाल्यावरही दाबोळी चालू राहिला. तथापि काही परदेशी सेवा दाबोळी सोडून मोपाकडे गेल्या आणि दक्षिण गोव्याच्या उतारूला सबंध गोवा ओलांडणे भाग पडले. दोन विमानतळ चालू ठेवले तरी कोणते उड्डाण कोठून, हे कंपन्याच ठरवितात. पुण्यात काय होणार, हे करार होण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे; नंतर तक्रार करून उपयोग नसतो.

मुंबईच्या बाजूनेही चित्र बदलले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. पूर्वेस सोलापूरला कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडल्यानंतर २०२५ मध्ये गोवा व मुंबईची विमानसेवा सुरू झाली. पुरंदर उभा राहीपर्यंत आजूबाजूचे हे विमानतळ आपापला उतारू ओढून घेतील. नव्या विमानतळाला स्वतःचा उतारू लागेल आणि तो केवळ कोथरूड-बाणेरमधून येणार नाही. भीमा, नीरा आणि घोड यांच्या खोऱ्यांतूनही तो यावा लागेल.

आधी वाट

यासाठी करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत, पण त्या आराखड्यातच धरावयास हव्यात. पुरंदरच्या जागेजवळून पुणे-मिरज लोहमार्ग जातो. आंबळे आणि राजेवाडी ही स्थानके याच परिसरात आहेत. उत्तरेला पुणे-सोलापूर मार्गावर उरुळी आणि यवत आहेत. राजेवाडी येथे टर्मिनलला जोडणारी सेवा आणि उरुळी वा यवतहून उड्डाणांच्या वेळांशी बांधलेल्या बसगाड्या मिळाल्या, तर दौंडच्या उतारूला पुणे शहरात शिरण्याचे कारणच उरणार नाही. केवळ थांबा बांधून मात्र भागत नाही. बंगळूर विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला रेल्वेने जानेवारी २०२१ मध्ये थांबा सुरू केला. गाड्या थोड्या आणि वेळा गैरसोयीच्या असल्याने बहुतेक उतारू त्याकडे फिरकलेच नाहीत. पहाटेचे विमान गाठता यावे अशी पहिली गाडी आणि रात्री उतरलेल्यास घरी नेणारी शेवटची गाडी, या दोन गाड्यांवर जोडणीचे यश ठरते.

शिरूरसाठी न्हावरे-चौफुला रस्त्याची सुधारणा आणि थेट एस. टी. सेवा ही किमान गरज आहे. पुणे-अहिल्यानगर थेट रेल्वेचा प्रस्ताव चर्चेत आहे. त्याची आखणी करताना शिरूर आणि रांजणगाव यांना विमानतळाशी कसे जोडावयाचे, याचाही विचार व्हावा. मालवाहतुकीचेही तसेच आहे. अंजिरासारखे फळ काढल्यावर फार दिवस टिकत नाही. विमानतळावर शीतगृह आणि शेतमालाची तपासणी यांची सोय पहिल्या टप्प्यातच झाली, तर पुरंदर आणि दौंड तालुक्यांतील बागायतदाराला परदेशी बाजारपेठ मिळू शकेल. ‘पुढच्या टप्प्यात’ म्हणून ठेवलेल्या सोयी पुढच्या पिढीला मिळतात, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव आहे.

उतारूच्या संरक्षणाचा विषयही याच्याशी निगडित आहे. दोन तिकिटांवर प्रवास करणाऱ्यास जोडउड्डाण चुकल्यास काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे तिकीट घेतानाच ठळक मराठीत सांगणे कंपन्यांवर बंधनकारक करता येईल. यासाठी धावपट्टी लागत नाही आणि जमीनही लागत नाही.

पुरंदरच्या विमानतळाला छत्रपती संभाजी राजे यांचे नाव देण्याचे योजिले आहे, तर लोहगावला जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा ठराव राज्याने २०२४ मध्ये केला. नावे थोर आहेत. त्या नावांना शोभेल असा कारभार करावयाचा, तर कुंभारवळणच्या शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवरून दौंडच्या कारकुनाची मुलगी आणि शिरूरच्या कामगाराचा मुलगा मोटार भाड्याने न घेता, साध्या आगगाडीने वा एस. टी.ने जाऊन उडू शकले पाहिजेत. धावपट्टीची निविदा निघेल त्याच दिवशी राजेवाडीच्या रेल्वेजोडणीची आणि न्हावरे-चौफुला रस्त्याचीही निविदा निघावी, अशी मागणी या दोन्ही तालुक्यांनी आजच करावयास हवी.